स्कॅम्प्टनच्या चर्चमागचे वैमानिक

लिंकनशायरमधल्या स्कॅम्प्टन गावात चर्चच्या आवारात दुसऱ्या महायुद्धातले विमानदलाचे जवान पुरलेत, ब्रिटिश, कॅनेडियन आणि चक्क जर्मनसुद्धा. ज्यांच्याशी लढले त्यांच्याच शेजारी, हे बघून खरंच गलबलतं. ब्रिटिश बाजूचे कबरींवरचे दगड सगळे सारख्याच उंचीचे, ऑफिसर असो की साधा गनर, युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या कमिशनने तसा नियमच केलेला, आणि कॅनडावाल्यांवर मेपलचं पान. खाली घरच्यांना स्वतःची ओळ लिहायला मिळायची, पण फक्त ठरावीक अक्षरं, मधल्या जागा पण त्यातच धरायच्या! आईबापाने पोरासाठी एवढ्याशा अक्षरांत काय लिहायचं हो? ब्रिटन आणि पश्चिम जर्मनीच्या १९५९ च्या करारानंतर इंग्लंडमधल्या बऱ्याच जर्मन कबरी कॅनक चेसच्या जर्मन युद्ध-दफनभूमीत हलवल्या, इथल्या मात्र राहिल्या, ते फार बरं झालं असं मला वाटतं.