आमची वाटचाल: कळव्यातलं वापरलेल्या फोनचं दुकान

आम्ही वापरलेले मोबाईल विकतो. कळव्यात, स्टेशनहून मार्केटच्या गर्दीतून चालत आलात की लागतो आमचा गाळा, भाड्याचाच आहे अजून. रिपेअरिंग माझा धाकटा भाऊ बघतो, आणि खरेदी, हिशोब, गिऱ्हाईकाशी बोलणं हे सगळं माझ्याकडे. बरेच जण विचारतात ताई तुम्ही ह्या लाईनला कशा, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय, आणि जुना फोन घेताना आम्ही काय काय बघतो ते पण त्यात येईलच कारण आमचा धंदा त्या बघण्यावरच चालतो.

आधी आम्ही कव्हर, टेम्पर ग्लास, चार्जर, रिचार्ज एवढंच करायचो. मागे एक टेबल टाकून भाऊ डिस्प्ले बदलायचा, चार्जिंगची पट्टी बदलायचा, पाण्यात पडलेले फोन उघडून सुकवायचा. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि सगळंच बदललं. वर्ष संपेपर्यंत नेट फुकट, कॉल फुकट, सिमसाठी रांगा, पण सिम घेऊन घरी गेलं की लोकांना कळायचं आपल्या फोनला टॉवरच येत नाही. कारण जिओचं टूजी थ्रीजी नव्हतंच, सगळं फोरजीवर, कॉल सुद्धा व्होएलटीईवरून, म्हणजे फोरजी नेटवर्कवरूनच. ज्यांच्याकडे फोरजी फोन होता पण व्होएलटीई नव्हतं त्यांना कॉलसाठी वेगळं ॲप टाकायला लागायचं. त्यात नोव्हेंबरात नोटबंदी झाली, कोणाच्या हातात रोकड नाही, आणि तरी प्रत्येकाला फोरजी फोन हवा. विटाव्याहून, खारेगावातून, मुंब्र्यातून लोक यायचे, ताई जुना असला तरी चालेल पण जिओ चाललं पाहिजे. तिथून आमचं वापरलेल्या फोनचं काम सुरू झालं.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे २०१७ ला, रेडमी नोट ४ आला आणि तो फोन आमच्या दुकानासाठी फार मोठी गोष्ट ठरला असं मी मनापासून सांगते. ४१०० एमएएचची बॅटरी, स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर जो तापत नव्हता, आणि ९,९९९ पासून किंमत. दोन वर्षांनी तेच फोन एक्स्चेंजमध्ये आमच्याकडे परत यायला लागले तेव्हा बहुतेक पीस धडधाकट होते, बॅटरी बदलली की पुन्हा पळायचे. मजबूत बनवलेला जुना फोन हा नवीन हलक्या फोनपेक्षा जास्त टिकतो हे आम्ही तेव्हा टेबलावर बघितलं, कोणी सांगायला लागलं नाही.

पण आमच्या दुकानाची जी खरी पद्धत आहे ती लॉकडाऊनमध्ये बसली. मार्च २०२० मध्ये सगळं बंद, १ एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, म्हणजे नवीन फोन अजून महाग, आणि जूनमध्ये शाळा ऑनलाईन सुरू. एका घरात एक फोन, तो पण वडील कामावर घेऊन जाणार, आणि मुलं दोन. शटर अर्धं उघडायची परवानगी मिळाली तसे आईबाप दुकानाबाहेर उभे. त्यातल्या एक मावशी, घरकाम करायच्या, तेव्हा कामं पण सुटलेली, मुलगी दहावीला. त्यांच्याकडे होते साडेतीन हजार. मी विचारलं मावशी मुलगी फोनवर काय करणार, तर म्हणाल्या शाळा बघणार, वही लिहिणार, फोटो काढून बाईंना पाठवणार. मी म्हटलं फिंगरप्रिंट लागेल का? त्या म्हणाल्या ते काय असतं. तेव्हा माझ्याकडे एक सहा इंची स्क्रीनचा फोन होता, मागच्या काचेला तडा, फिंगरप्रिंट मेलेलं, बाकी स्क्रीन, माईक, स्पीकर, कॅमेरा सगळं चोख. त्या दोन खोटींमुळे तो कोणी घेत नव्हतं. भावाने मागे नवीन कव्हर घातलं, बॅटरी तपासली आणि तो मावशींच्या बजेटमध्ये बसला. मुलीने त्यावर पूर्ण दहावी केली आणि पुढे अकरावीचा फॉर्म पण त्यावरूनच भरला.

त्यानंतर आम्ही ठरवूनच टाकलं. वापरलेल्या फोनला काही ना काही खोट असणारच, बिनखोटीचा म्हणून जो विकतो तो तरी लपवतोय किंवा त्याने बघितलेलंच नाही. प्रश्न एवढाच की कुठली खोट तुम्हाला चालते आणि कुठली चालत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक फोनच्या मागे स्टिकर असतो आणि त्यावर खोट लिहिलेली असते, डिस्प्ले बदललेला, पुढचा कॅमेरा धूसर, सिम दोन चालत नाही, जे असेल ते. तेच बिलावर पण येतं. सुरुवातीला भाऊ म्हणाला ताई कोण घेईल असं वाचून, पण लोक वाचतात आणि उलट बिनधास्त घेतात, कारण घरी गेल्यावर काय निघेल ही धाकधूकच राहत नाही.

आता बघतो कसं ते सांगते. संध्याकाळी गर्दी ओसरली की दिवसभरात आलेले फोन भावाच्या टेबलावर जातात. आधी सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारायचा, बऱ्याच फोनमध्ये तिथे एक बारीक पांढरी पट्टी असते, पाणी गेलं असेल तर ती लाल होते. लाल दिसली की तो फोन विक्रीला नाही, पार्टसाठी, मग तो चालत का असेना, कारण पाणी गेलेला बोर्ड आज चालतो आणि पावसाळ्यात मान टाकतो. मग लाईट बंद करून स्क्रीनवर पूर्ण पांढरा फोटो आणि मग राखाडी फोटो लावायचा. ॲमोलेड डिस्प्ले खूप वापरलेला असेल तर खालच्या बटणांची, कीबोर्डची सावली दिसते, ती जात नाही. मग दोन्ही सिम टाकून खरा कॉल लावायचा, कानाजवळ नेल्यावर स्क्रीन बंद होते का बघायचं, नाहीतर बोलता बोलता गालाने कॉल कट होतात. चार्जिंगला लावून चार्जिंगची पिन हळूच हलवायची. शेवटी पूर्ण चार्ज करून तासभर व्हिडिओ चालू ठेवायचा आणि टक्के कसे उतरतात ते बघायचं, एकदम ४० वरून २० वर उडी मारली तर बॅटरी गेली. बॅटरी जाणं ही मात्र मला खोट वाटतच नाही, ती बदलायची वस्तू आहे, टायरसारखी. लोक बॅटरीमुळे चांगला फोन सोडून देतात आणि चांगल्या बॅटरीसाठी सुमार फोन घेतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

जी खोट आम्हाला कुठल्याच किमतीला चालत नाही ती सॉफ्टवेअरची. अँड्रॉइड फार जुनं असेल तर व्हॉट्सॲपच चालत नाही, ऑक्टोबर २०२३ पासून त्याला अँड्रॉइड ५ किंवा वरचं लागतं, आणि आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस मे २०२५ पासून गेले. बँकेची ॲप्स तर त्याहून आधी नको म्हणतात. कोणी फोन रूट केलेला असेल, म्हणजे कंपनीचं लॉक तोडलं असेल, किंवा आत दुसरीच रॉम, म्हणजे कंपनीची नसलेली सिस्टीम टाकली असेल तर बँकेची बरीच ॲप्स उघडत नाहीत, आणि आज भाजीवाल्याकडे पण यूपीआय लागतं तर असा फोन घेऊन माणूस करणार काय. सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची तारीख असते, ती मी गिऱ्हाईकाला स्वतः उघडून दाखवते. तारीख खूप जुनी असेल तर मी सरळ सांगते, ह्यात पगाराचं खातं ठेवू नका, गाणी, व्हिडिओ, कॉल एवढ्यालाच वापरा. बाहेरच्या देशातून आलेले फोन पण आम्ही जपून घेतो, दिसायला एक नंबर पण काहींवर आपल्याकडचं व्होएलटीई सुरूच होत नाही, म्हणजे जिओवर साधा कॉल नाही.

आमच्याकडे रिक्षावाले दादा खूप येतात. त्यांची मागणी ठरलेली, नवीन द्या पण सहा-सात हजारात. त्या भावात नवीन म्हणजे २-३ जीबी रॅम, स्लो स्टोरेज, मॅप आणि भाड्याचं ॲप एकत्र उघडलं की हँग. एका दादांना मी म्हटलं आठ दिवस हा वापरून बघा आणि वनप्लस ६ दिला. २०१८ चा फोन, त्यावेळी ३४,९९९ पासून सुरू होता, स्नॅपड्रॅगन ८४५, ६ जीबी रॅम, फास्ट स्टोरेज. अपडेट अँड्रॉइड ११ वर थांबलंय, मागची काच चिरलेली, बॅटरी आम्ही नवीन टाकलेली, हे सगळं स्टिकरवर होतं. दादा आले ते त्यांच्या स्टँडवरचे अजून दोघं घेऊन. त्यांना उन्हात डॅशबोर्डवर दिसणारी स्क्रीन आणि पटकन लागणारं जीपीएस पाहिजे होतं, मागच्या काचेचं त्यांना काय, ती होल्डरमध्येच असते.

आयफोनचं वेगळं. कॉलेजच्या मुलांना आयफोनच हवा, आईबाप बिचारे बाजूला उभे. मी मुलांना नाही म्हणत नाही पण दाखवते. आयफोन एक्सआर २०१८ चा, त्याला आयओएस, म्हणजे आयफोनची सिस्टीम, १८ पर्यंतच, त्याच्या पुढचं २६ मिळालं नाही, आयफोन ११ ला मिळालं. बॅटरी हेल्थ सेटिंगमध्ये दिसते, आणि अबाउटमध्ये खाली पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी येते, कंपनीचा नसलेला पार्ट असेल तर तिथे अननोन लिहून येतं. आधीच्या मालकाचं ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे त्याच्या ॲपल अकाउंटचं कुलूप, निघालेलं नसेल तर तो फोन म्हणजे काचेचा तुकडा, कितीही स्वस्त मिळो हात लावायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चोरीचा माल. आमच्या भागात सगळ्यांना माहितीये, लोकलच्या दाराला उभा राहून माणूस फोन बघत असतो आणि ट्रॅकजवळून कोणीतरी हातावर काठी मारतो, फोन खाली, फटका म्हणतात त्याला. असे लोक आमच्याकडे डोळ्यात पाणी घेऊन येतात, काहींच्या हाताला लागलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीला फोन पाहिजेच. त्यांना स्वस्तात फोन देणारे आम्ही, आणि तोच चोरीचा फोन कोणाकडून तरी विकत घेणारे पण आम्हीच, हे मला कधीच पटणार नाही. म्हणून बिल आणि आधार किंवा दुसरं ओळखपत्र नसेल तर आम्ही फोन घेत नाही. रजिस्टरला आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, विकणाऱ्याची सही, तारीख. चोरीचा फोन ब्लॉक करायची सरकारची सीईआयआर यंत्रणा महाराष्ट्रात सप्टेंबर २०१९ पासून होती, मे २०२३ मध्ये संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर सगळ्या देशाला खुली झाली. जुना फोन घेताना त्यावर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, १५ आकडी आयएमईआय येतो, मग केवायएम, स्पेस आणि तो नंबर इंग्रजीत टाईप करून १४४२२ ला मेसेज करा. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज आलं तर फोन परत करा. आम्ही हे गिऱ्हाईकासमोर करतो, त्याच्याच मोबाईलवरून.

ह्यात धंदा जातो, खोटं कशाला बोलू. एका होलसेलवाल्याचा लॉट आला होता, भाव इतका चांगला की वर्षभराचं भाडं निघालं असतं, पण बॉक्सवरचा आयएमईआय वेगळा आणि फोनमधला वेगळा. सगळा लॉट परत पाठवला. तेव्हापासून लॉट बंद, आता आम्ही फक्त माणसाकडून घेतो, एक एक पीस. माल कमी मिळतो पण प्रत्येक फोनची कहाणी माहिती असते, कोणाचा होता, कधी पडला, कशाला विकला. जीएसटीचं पण बरंय, वापरलेल्या वस्तूला मार्जिन स्कीम आहे, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर टॅक्स, त्यामुळे पक्कं बिल देऊनही किंमत फार वाढत नाही, आणि बिल हातात असलं की तीन महिन्यांची आमची वॉरंटी कोणी तोंडी नाकारू शकत नाही, आम्ही सुद्धा.

आज दुकानात भावाबरोबर दोन मुलं आहेत, एक मुंब्र्याचा, एक दिव्याची मुलगी, डिस्प्ले बसवण्यात तिचा हात भावापेक्षा साफ आहे. रबाळे-महापेच्या कंपन्यांत जाणारी पोरं शिफ्ट सुटली की येतात म्हणून आता रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवतो. यावर्षी बॅटरी बदलायचं वेगळं टेबल टाकलंय, कारण मला वाटतं निम्म्या लोकांना दुसरा फोन नकोच असतो, आहे त्यालाच नवीन बॅटरी हवी असते, आणि तसं असेल तर आम्ही तसंच सांगतो.

तुमचा फोन विकायला आणणार असाल तर येताना एवढं करून या. बिल शोधून ठेवा, बॉक्स असेल तर तो पण. फोटो आणि कॉन्टॅक्टचा बॅकअप घरीच घ्या. मग सेटिंगमधून गुगल अकाउंट स्वतः काढा, आयफोन असेल तर फाइंड माय बंद करा, आणि त्याच्यानंतरच रिसेट मारा, आधी रिसेट केलात तर फोन जुना पासवर्ड मागत बसू शकतो. सिम आणि मेमरी कार्ड काढलंय ना बघा, आणि यूपीआय आधी दुसऱ्या फोनवर चालू करून घ्या.