पहाटेचा मृग

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तोपर्यंत बाकीच्यांनी विषय वाटून घेतले होते, कोणी स्नेहसंमेलन घेतलं, कोणी खो-खोची टीम, कोणी गेटबाहेरचा बोरं-चिंचावाला. मी म्हटलं मी मृग नक्षत्रावर लिहिते. दोघीतिघींनी लगेच हार्ट टाकलं कारण त्यांना माहितीये मी कशाबद्दल बोलतेय. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

मी १९९८ च्या दहावीची, ब तुकडी. तेव्हा आम्ही ठाण्यात चरईत राहायचो, आता लग्नानंतर ऐरोलीला. वाशीला एका लॅबमध्ये काम करते, सकाळची ड्युटी असली की साडेचारला उठणं आलंच, डबे, पाणी भरणं, मग पावणेसहाला घराबाहेर. आमच्या किचनच्या ड्राय बाल्कनीचं तोंड पूर्वेला आहे, समोर पारसिकचा डोंगर. जून ते ऑगस्ट तिथून नुसता ढगांचा पडदा दिसतो, कधी डोंगरही दिसत नाही. आणि मग ऑगस्टमध्ये, कधी पंधरा तारखेच्या आसपास तर कधी गणपती तोंडावर आले की, एखाद्या पहाटे रात्रभर पडलेल्या पावसाने हवा धुऊन निघालेली असते, गॅसवर चहा ठेवून मी दोरीवरचे कपडे चाचपायला जाते, मान जरा बाहेर काढते आणि समोर तीन तारे. जवळजवळ एकाखाली एक, सारख्या अंतरावर, कोणीतरी मोजून लावल्यासारखे. मृगाच्या पोटातला बाण!

त्या क्षणाला जे वाटतं ते मला आजवर कोणाला नीट सांगता आलेलं नाही. नवीन काही बघितल्याचा आनंद वेगळा असतो, हा तसा नाहीये. हा ओळखीचा आनंद आहे. म्हंजे मला माहीत असतं की तो येणार, कुठून येणार तेही माहीत असतं, तरी दिसला की छातीत एकदम हलकं होतं आणि मी मोठ्याने "आलास का" म्हणते, घरात सगळे झोपलेले असतात तरी म्हणते.

ही ओळख मला शाळेने करून दिली. आपले आठवीचे भूगोलाचे सर, नाव लिहीत नाही कारण त्यांना ते आवडणार नाही, आणि त्या वर्षांतल्या कोणालाही विचारा, कोणते सर ते लगेच सांगतील. सर पुस्तकातलं शिकवायचेच, पण पाच-दहा मिनिटं राखून ठेवायचे आणि त्यात काहीतरी असं सांगायचे जे परीक्षेत कधीच येणार नव्हतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, घरी सगळे मृग लागला मृग लागला म्हणतात, कोणी आकाशात मृग बघितला का? आम्ही गप्प. मग म्हणाले दिसणारच नाही, कारण मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला, ७-८ जूनला येतो, आणि सूर्य जिथे असतो तिथले तारे दिवसा उगवून दिवसाच मावळतात. मला हे फार म्हणजे फार भारी वाटलं होतं. ज्या नक्षत्राचं नाव गावचे काका पेरणीच्या दिवसांत सारखं घेतात ते नेमकं तेव्हाच सूर्याच्या उजेडात लपलेलं असतं. मग सूर्य पुढे सरकतो, जुलैत मृग पहाटे पूर्वेला डोकावायला लागतो पण आपल्याकडे तेव्हा आकाशच नसतं, ढग असतात. म्हणून आपली आणि त्याची भेट ऑगस्ट-सप्टेंबरात.

आणि तो चार मिनिटांचा हिशोब. सरांनी फळ्यावर लिहिलं, प्रत्येक तारा रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याचे झाले १२० मिनिटं, दोन तास. म्हणजे १५ सप्टेंबरला पहाटे ५ ला जे आकाश आहे तेच १५ ऑक्टोबरला ३ ला, नोव्हेंबरात १ ला, डिसेंबरात रात्री ११ ला आणि संक्रांतीला ९ ला, जेवणं झाल्यावर, काही न करता. हा साधा गुणाकार आहे पण मला अजूनही त्याची मजा वाटते, सप्टेंबरच्या त्या चिकचिकीत, घामाने ब्लाउज अंगाला चिकटलेला असताना, मी पहाटे जे बघते ते थंडीतलं आकाश असतं. हिवाळा ठाण्यात यायला अजून तीन महिने असतात पण वरती तो येऊन पोचलेला असतो.

आता ती गच्चीवरची पहाट. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ऐन दिवाळीत सूर्यग्रहण होतं, २४ तारखेला. उत्तर भारतातल्या काही भागात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. सरांनी ठरवलं की सकाळी ग्रहण दाखवायचंच आहे तर मुलांना पहाटे साडेचारलाच बोलवायचं, अमावस्या आहे, चंद्र नाही, आधी तारे बघू आणि मग ग्रहण. सुट्टी चालू, त्यात दिवाळी, त्यात ग्रहण. माझी आजी तर ऐकायलाच तयार नव्हती, वेध लागलेत, पोरीला बाहेर कसली काढता. सर आमच्या घरी आले. सोफ्यावर न बसता आजीच्या समोर खाली सतरंजीवर बसले आणि तिलाच विचारलं की आजी तुम्ही लहानपणी गावाला वेळ कशी ओळखायचात, घड्याळ होतं का? आजी म्हणाली कुठलं घड्याळ, चांदण्यांवरून. आणि मग आजीच पंधरा मिनिटं सांगत बसली, कृत्तिका कुठे आल्या की उठायचं, जात्यावर बसायचं. शेवटी म्हणाली जाऊदे तिला, पण उपाशी जायचं आणि आल्यावर आंघोळ.

गच्चीवर आम्ही तीसेक पोरं असू. शिपाईमामांनी सतरंज्या घातलेल्या, हवेत फटाक्यांच्या दारूचा वास, खाली कुठेतरी पहाटेचे एकदोन बाण सुटत होते. सरांनी गच्चीवरचा दिवा बंद करायला लावला आणि डोळे मिटून शंभर आकडे मोजा म्हणाले. डोळे उघडले तर मृग जवळजवळ डोक्यावर, थोडासा दक्षिणेला. चार पायांचे चार तारे, पोटात बाण, वरती डोक्याच्या जागी तीन बारीक ठिपके. सर म्हणाले हात पुढे ताठ करा आणि मूठ मिटा. ताठ हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश, लहान मुलाची मूठ लहान पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब तोच राहतो. आता बाणाच्या रेषेत खाली दोन मुठींपेक्षा थोडं जास्त जा, व्याध. आकाशातला रात्रीचा सगळ्यात तेजस्वी तारा. परत बाणावर या आणि उलट दिशेला तेवढंच जा, लालसर रोहिणी. अजून दीड मूठ पुढे, कृत्तिकांचा पुंजका. माझ्या शेजारच्या मैत्रिणीला कृत्तिकांत सहा दिसल्या, मला सात, त्यावरून आमचं भांडण झालं. मग दक्षिणेला, पार खाली मुलुंडच्या बाजूला, एकच ठळक तारा होता. अगस्ती. सर म्हणाले हा दिसायला लागला की पावसाळा संपत आला समजायचं, आणि उत्तरेला दिल्लीच्या वर गेलात की हा क्षितिजाला एवढा चिकटतो की दिसणं मुश्कील, आपलं नशीब आपण खाली राहतो.

रंगही त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. तोवर मला तारे म्हणजे पांढरे एवढंच माहीत. सरांनी मृगाच्या एका कोपऱ्यातला काक्षी दाखवला आणि तिरका समोरचा राजन्य, म्हणाले आलटून पालटून बघा. एक निखाऱ्यासारखा, दुसरा निळसर पांढरा. एकदा कळल्यावर ते कधीच सारखे दिसत नाहीत, तुम्हीही बघा.

तेवढ्यात एक उल्का पडली आणि सगळी गच्ची ओरडली. सरांनी सांगितलं की दर ऑक्टोबरात या दिवसांत मृगाच्या बाजूने येणाऱ्या उल्का दिसतात, त्या हॅलेच्या धूमकेतूने मागे टाकलेल्या कचऱ्याच्या असतात, तो १९८६ ला येऊन गेला आता २०६१ ला येईल. आम्ही सगळे लगेच आपापली वयं काढायला बसलो. मी ७९. सर स्वतःचं वय काढत नव्हते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, आता येतं.

ग्रहणही बघितलं, आरशाला काळा कागद लावून मधे छोटं भोक, ऊन वर्गात पाडलं तर भिंतीवर सूर्याची चकती आणि तिचा घास घेतलेला. तेही छानच होतं. पण माझ्यापुरतं सांगायचं तर माझं काम पहाटेच झालेलं होतं.

नंतर कॉलेज, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, पुण्याला दोन वर्षं हॉस्टेल, नोकरी, लग्न. खगोलशास्त्रात वगैरे मी काहीच केलं नाही, दुर्बीणही घेतली नाही. लोकमान्य टिळकांनी वेदांचा काळ ठरवायला याच मृगशीर्षाचा आधार घेतला होता हे नंतर कधीतरी वाचलं तेव्हा आपल्या माणसाचं नाव पेपरात आल्यावर होतो तसा आनंद झाला, एवढंच. मला आजही धड पाच-सहा नक्षत्रं ओळखता येतात. आणि मला वाटतं तेवढी पुरतात. एक पक्कं ओळखीचं असलं की कुठेही गेलं तरी आकाश परकं वाटत नाही. बाबांना ॲडमिट केलं होतं तेव्हा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पहाटे चारला मी एकटी उभी होते, नोव्हेंबर होता, मृग पश्चिमेकडे कलायला लागलेला. त्याने काही झालं नाही, तो काही करत नाही, पण मी तिथे उभी राहू शकले.

ठाण्यात-नवी मुंबईत आता आकाशात काही दिसतच नाही असं सगळे म्हणतात आणि बऱ्याच अंशी ते खरंय. रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, टॉवर आले, कृत्तिका माझ्या बाल्कनीतून आता नुसता धुरकट डाग दिसतो, सहा की सात हे भांडण आज होणारच नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं. पण मृग टिकून आहे. बाण, चार पाय, व्याध, एवढं ऐरोलीच्या भर उजेडातही दिसतं, आणि पहाटे तर नक्कीच, बरीच दुकानं-बोर्ड बंद झालेले असतात आणि धूळ बसलेली असते.

२०१९ च्या शेवटी काक्षी अचानक मंद व्हायला लागला होता, आठवतं का? २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तर नुसत्या डोळ्यांना कळेल एवढा. बातमी यायच्या आधी आमच्या ग्रुपवर नाशिकच्या मैत्रिणीचा मेसेज आला होता, "काक्षीला काय झालंय, मला एकटीलाच असं वाटतंय का". आपल्या आठवी ब ची पोरगी, बँकेत नोकरी करते, तिला आकाशातला एक तारा रोजच्यापेक्षा फिका वाटला! मी तो मेसेज अजून ठेवलाय. आणि मेलबर्नला असतो तो आपला मित्र दर डिसेंबरला फोटो टाकतो, तिकडे दक्षिण गोलार्धात मृग उलटा दिसतो, पाय वर डोकं खाली, आणि आम्ही सगळे फोन उलटे धरून बघतो.

माझा मुलगा यंदा तिसरीत आहे, साडेआठ वर्षांचा. मागच्या महिन्यात पहाटे त्याला उठवलं, कुरकुरत आला बाल्कनीत, हातात माझा मोबाईल, त्यातल्या ॲपवर सगळी नावं येतात. मी म्हटलं ॲप नंतर, आधी मूठ मीट. त्याने बाणापासून मुठी मोजल्या आणि व्याधाला पोचला, व्याध तेव्हा डोंगराच्या वर होता आणि लाल-हिरवा-निळा असा लुकलुकत होता, खाली असला की जाड हवेतून उजेड येतो म्हणून तसा दिसतो. मी त्याला सांगितलं की या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साधारण साडेआठ वर्षं लागतात, म्हणजे आत्ता जो तुझ्या डोळ्यात शिरला तो तू जन्मलास तेव्हा तिकडून निघालेला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, आणि तुझ्या वेळचा? मी म्हटलं माझ्या वेळचा केव्हाच येऊन गेला, आठवीत असताना जो आला तो मी शाळेच्या गच्चीवर बघितला.

आता कामाचं. आमच्या बॅचतर्फे शाळेला १० बाय ५० ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, दोन्ही डोळ्यांनी बघायची एक दुर्बीण द्यायचं ठरलंय, ट्रायपॉडसकट. फार मोठी नाही, पण बाणाच्या खाली जो मृगाचा तेजोमेघ आहे, जिथे नवे तारे तयार होतायत, तो तिच्यातून धुक्यासारखा नक्की दिसतो, आणि कृत्तिका तर सहा-सातच्या कितीतरी पुढे जातात. मुख्याध्यापिका बाईंना विनंती एवढीच की ती कपाटात कुलपात राहू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात शनिवारी पहाटे मी ऐरोलीहून येऊ शकते, आठवीच्या मुलांना दाखवायला, बॅचमधले अजून दोघं तयार आहेत. पालकांची चिठ्ठी घ्यावी लागेल, गेट साडेचारला उघडायला कोणीतरी हवं, आणि गच्चीसमोर आता जो मोठा फ्लडलाइट लावलाय त्याचा स्विच कुठे आहे ते आधी बघून ठेवा.