ट्रायथलॉनपटूंचे पोहणे सुधारताना आलेला माझा अनुभव

गेली सतरा वर्षे मी कोल्हापुरात मुलांना पोहायला शिकवतो. आठ-नऊ वर्षांचे मूल तलावावर येते, दोन उन्हाळ्यांत त्याची पाण्याची भीती जाते आणि पुढे ते शालेय स्पर्धांमध्ये पन्नास किंवा शंभर मीटरच्या शर्यतीत उतरते, हा क्रम माझ्या अंगवळणी पडला होता. वीरधवल खाडे ज्या शहरातून ऑलिंपिकपर्यंत पोहोचले, त्या शहरातील प्रशिक्षकाने वेगाचा विचार करावा, यात नवल नाही. त्यामुळे एका मे महिन्यात अकरा प्रौढ माणसे एकत्र येऊन, “सर, आम्हाला गोव्याच्या शर्यतीसाठी तयार करा,” असे म्हणाली, तेव्हा हे काम मुलांना शिकवण्यापेक्षा सोपे असेल, असे मला वाटले होते.

2019 साली मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या त्या ट्रायथलॉन शर्यतीत 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचे, मग 90 किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी 21.1 किलोमीटर धावायचे असते. पोहण्यासाठी एक तास दहा मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात जो पाण्याबाहेर येत नाही, त्याची शर्यत तिथेच संपते. आमच्या अकरा जणांपैकी बहुतेकांनी अर्धमॅरेथॉन पूर्ण केलेली होती आणि पन्हाळ्याचा चढ सायकलने चढणे हा त्यांचा रविवारचा नेम होता. पोहणे मात्र तिघे जण लहानपणी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून गावच्या विहिरीत शिकले होते आणि उरलेले तिशी-पस्तिशीनंतर तलावावर शिकले होते.

पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला 400 मीटर पोहायला सांगून पाण्याखालून आणि बाजूने चित्रीकरण केले. एका बँकेत नोकरी करणाऱ्या ताईंना त्यासाठी पंधरा मिनिटे लागली, म्हणजे शंभर मीटरला पावणेचार मिनिटे. तोच वेग शेवटपर्यंत टिकला असता तरी 1.9 किलोमीटरला सव्वाएकाहत्तर मिनिटे झाली असती, आणि तो टिकणारही नव्हता, कारण त्या दर पंचवीस मीटरला काठ धरून थांबत होत्या. “सर, माझा दम कमी पडतो,” असे त्या म्हणाल्या, आणि इतरांचेही निदान हेच होते. मला ते पटेना. जी व्यक्ती सव्वादोन तासांत एकवीस किलोमीटर धावते, तिचा दम पंचवीस मीटरमध्ये संपत असेल, तर दोष दमाचा नसून दुसऱ्याच कशाचा तरी असला पाहिजे.

चित्रीकरण सावकाश पाहिल्यावर तो दोष दिसला. चेहरा पाण्यात असताना तोंडातून किंवा नाकातून एकही बुडबुडा निघत नव्हता. ताई श्वास कोंडून धरत होत्या आणि मान वळवल्यावर जो क्षणभराचा अवधी मिळतो, त्यातच आधी सोडणे आणि मग घेणे अशी दोन कामे उरकत होत्या. छातीत हवा असते, पण कर्बवायू साठत जातो आणि गुदमरल्याची जाणीव मुख्यतः त्यामुळेच होते. अकरापैकी आठ जणांत हीच सवय होती. विहिरीत शिकलेल्यांचे तर कारणही उघड होते: विहिरीत आठ-दहा हात मारले की समोरचा काठ येतो, त्यामुळे श्वासाची लय बसवण्याची वेळच कधी येत नाही, आणि डोके सतत पाण्याबाहेर ठेवण्याची सवय मात्र पक्की होते.

पहिले तीन आठवडे आम्ही फारसे पोहलोच नाही. गळाभर पाण्यात उभे राहून चेहरा बुडवायचा आणि नाकातून संथपणे हवा सोडत राहायचे, एवढेच करत होतो. ताई रोज सकाळी भ्रामरी करत असत. पाण्याखाली तसाच गुंजारव करा, असे मी त्यांना सांगितले आणि दोन दिवसांत त्यांचा उच्छ्वास सलग झाला. गुणगुणताना श्वास कोंडून धरता येत नाही, ही साधी गोष्ट त्यामागे होती. त्यानंतर सर्व हवा सोडून शांतपणे तळाशी बसण्याचा सराव सुरू केला. ज्यांची छाती भरलेली राहते ते खाली जातच नाहीत, त्यामुळे कोण खरोखर श्वास सोडतो आहे, हे वेगळे विचारावे लागत नाही. या काळात दोघे जण नाराज होऊन गेले. किलोमीटर मोजण्याची सवय असलेल्या माणसाला तलावावर येऊन बुडबुडे काढणे हा वेळेचा अपव्यय वाटतो, हे मी समजू शकतो. तरीही ते आठवडे मी आजही कमी करणार नाही.

श्वासानंतर आम्ही शरीराच्या स्थितीकडे वळलो. धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या पुरुषांचे पाय जड असतात, आणि शरीर तोलून धरणारी हवा छातीत असते, म्हणून त्यांचे पाय स्वभावतःच खाली जातात. त्यात समोर पाहण्यासाठी डोके वर उचलले की कंबर आणखी बुडते आणि शरीर पाण्यात तिरके होऊन स्वतःच अडथळा बनते. आमच्यात साखर कारखान्यात काम करणारे एक अभियंते होते. ते जिममध्ये दंड आणि खांदे कमावून वेग वाढवण्याच्या विचारात होते. त्यांना मी हिशेब मांडून दाखवला. पाण्याचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे तेहतीस टक्के अधिक शक्ती खर्चावी लागेल. तोच वेग रोध कमी करून मिळवला तर वाचलेली शक्ती पुढच्या 90 किलोमीटरच्या उपयोगी पडते. हा हिशेब त्यांनी स्वतः वहीत पुन्हा करून पाहिला आणि त्यानंतर जिमचा विषय निघाला नाही.

डोके खाली नेण्यासाठी, नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवा आणि मानेच्या मागचा भाग लांब करा, एवढी सूचना पुरेशी ठरली. पायांचे काम अधिक अवघड होते. धावण्याने घोटे ताठर झालेले असतात, चवडे मागे ताणले जात नाहीत आणि पाऊल आकड्यासारखे पाण्यात अडकून राहते. एका डॉक्टरांना किकबोर्ड धरून पाय मारायला सांगितले, तर ते पुढे जाण्याऐवजी इंच इंच मागे सरकत होते. मी किकबोर्ड बंद केला आणि सर्वांना रोज घरी वज्रासनात बसायला सांगितले. समुद्रात पाय मारून वेग मिळवण्याची त्यांना गरज नव्हती. पाय पृष्ठभागाजवळ राहावेत, गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे वाकू नयेत आणि प्रत्येक हातामागे एक सौम्य फटका पडावा, इतकेच हवे होते. पुल बॉय म्हणजे पायांत अडकवायचा तरंगता तुकडा, त्याबद्दल मला सावधपणे बोलावेसे वाटते. तो लावला की पाय आपोआप वर येतात आणि पोहणाऱ्याला आपण सुधारलो असे वाटते. परंतु काढताच सगळे पूर्ववत होते. वर तरंगणे म्हणजे काय, याची जाणीव देण्यापुरता तो वापरावा आणि बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे.

हातांच्या बाबतीत दोन दोष जवळजवळ सर्वांत होते. एक म्हणजे हात डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडून पाण्यात पडत होता आणि त्यामुळे कंबर सापासारखी वळून पाय कात्रीसारखे फाकत होते. हात खांद्याच्या रेषेत टाका, असे सांगून उपयोग होत नाही, कारण ज्याचा हात मध्यरेषा ओलांडतो त्याला तो सरळच पडतो आहे असे वाटत असते. त्याला फार रुंद टाका असे सांगितले की तो योग्य जागी पडतो. दुसरा दोष कोपर पडण्याचा. पुढे गेलेला हात सरळ ठेवून पाणी खाली दाबले तर डोके वर उठते, पण शरीर पुढे जात नाही. पाण्याच्या मोठ्या पिंपावर ओणवे होऊन ते दोन्ही हातांनी मागे ढकलायचे असेल तर कोपर कसे उंच राहील, हे मी काठावर खरेच पिंप आणून दाखवले. मग मुठी आवळून पन्नास मीटर पोहायचे आणि लगेच पंजे उघडून पन्नास मीटर, असा सराव दिला. मूठ बंद असली की मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताने पाणी धरावेच लागते, आणि नंतर उघडलेला पंजा वल्ह्याएवढा मोठा वाटतो.

ऑगस्टअखेरीस ही मंडळी तलावात देखणी पोहू लागली होती. अभियंत्यांना 200 मीटरला चार मिनिटे पन्नास सेकंद आणि 400 मीटरला दहा मिनिटे वीस सेकंद लागली. या दोहोंतील फरकावरून लांब अंतरावर टिकणारा त्यांचा वेग शंभर मीटरला पावणेतीन मिनिटे येत होता. मी समाधानी होतो.

शर्यतीला पाच आठवडे उरले असताना आम्ही फोंडा घाट उतरून मालवणला गेलो. चिवल्याच्या किनाऱ्यावर एक होडी सोबत घेतली, प्रत्येकाच्या कमरेला नारंगी फुगा बांधला आणि सगळे पाण्यात उतरले. पावसाळा नुकताच ओसरला होता आणि पाणी पुरते निवळले नव्हते. खाऱ्या पाण्यात शरीर थोडे अधिक वर तरंगते, त्यामुळे पोहणे सुकर होईल, असे मी सांगितले होते. प्रत्यक्षात मी शिकवलेली लांब, सावकाश सरकणारी हातांची लय लाटांसमोर मोडून पडली. एक हात पुढे स्थिर ठेवून सरकत असताना लाट येई, गती थांबे, आणि पुढचा हात पडेपर्यंत पाय खाली गेलेले असत. डॉक्टर दोनदा होडी धरून थांबले. ताईंनी परतल्यावर विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो: “सर, आपण तलावात शिकलो ते इथे चालतच नाही का?”

ती चूक त्यांची नव्हती. पंचवीस मीटरमध्ये कमीत कमी हात, हे माप मी मुलांच्या प्रशिक्षणातून जसेच्या तसे उचलले होते. शांत पाणी, दर पंचवीस मीटरला भिंतीला पाय लावून मिळणारा रेटा आणि जोरकस पाय, या तिन्ही गोष्टी ज्याच्याजवळ आहेत त्याला लांब सरकणे परवडते. ट्रायथलॉनपटूजवळ यांतले काहीच नसते, आणि आजूबाजूला शेकडो माणसांनी घुसळलेले पाणी असते. त्याचे तंत्र म्हणजे देखणा स्ट्रोक नव्हे, तर थकल्यावर आणि हेलकाव्यातही न मोडणारा स्ट्रोक, हे मला तिथे, वाळूत बसून, समजले.

उरलेल्या आठवड्यांत मी बरेच बदलले. टोपीखाली बसणारे, ठरावीक अंतराने टोला देणारे छोटे यंत्र आणले आणि मिनिटाला चव्वेचाळीस असलेले हात हळूहळू छप्पन्न ते साठपर्यंत नेले. लांबी थोडी कमी झाली, पण दोन हातांमधला विसावा गेला. सलग एक किलोमीटर पोहणे थांबवून पन्नास मीटरचे वीस तुकडे आणि मध्ये पंधरा सेकंदांची विश्रांती, अशी मांडणी केली, कारण थकलेल्या शरीराने काढलेले शेवटचे सहाशे मीटर जुन्या चुकांचाच सराव ठरतात. डोळे मिटून दहा हात मारायला लावले, तेव्हा कोण कोणत्या बाजूला भरकटतो हे कळले. समुद्रात तळाची काळी पट्टी नसते आणि नागमोडी पोहणाऱ्याला 1.9 किलोमीटरऐवजी सव्वादोन पडू शकतात. श्वास घेण्याआधी फक्त डोळे मगरीसारखे पृष्ठभागावर आणून समोरचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, पाहायचा आणि मग मान बाजूला वळवायची, हे राजाराम तलावात चार रविवार घोटले. पाणी कोमट असल्याने गोव्यात वेटसूटचा, म्हणजे शरीर वर तरंगवणाऱ्या रबरी पोशाखाचा, आधार मिळणार नव्हता, म्हणून सरावातही कोणी तो घातला नाही.

शर्यतीच्या सकाळी मी मिरामारच्या वाळूत घड्याळ घेऊन उभा होतो. नऊही जण वेळेत बाहेर आले. अभियंत्यांना चोपन्न मिनिटे लागली, डॉक्टरांना एकसष्ट. ताई अठ्ठावन्नाव्या मिनिटाला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, आणि त्यांना धाप लागलेली नव्हती. सायकलीकडे धावत जाताना माझ्याजवळून त्या गेल्या तेव्हा, “भ्रामरी केली, सर,” एवढेच म्हणाल्या.

या जूनमध्ये नवी चौदा जणांची तुकडी आली आहे. बुडबुड्यांचे तीन आठवडे तसेच ठेवले आहेत. त्यानंतर मात्र आठवड्यातून एकदा मी लेनमधल्या दोऱ्या काढून टाकतो आणि सगळ्यांना एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून, घुसळलेल्या पाण्यात पोहायला लावतो.