दुपारचे चार तास

माझे सासरे, नाना, एप्रिल लागला की रोज दुपारी पासबुक भरून आणायला बँकेत जायचे. पासबुकात नवी नोंद एकही नसायची. पण तिथे एसी होता आणि बोलायला चार माणसं होती. शेवटी काउंटरवरच्या मुलीनेच मला फोन करून विचारलं, "काकू, घरी सगळं ठीक आहे ना?" उन्हाळ्यात ज्येष्ठांची दुपार घालवून देण्याचा आमचा धंदा त्या फोनातून सुरू झाला.

पुण्यात उन्हाळ्यातसुद्धा ज्येष्ठांची सकाळ कशी जाते ते कळत नाही. टेकडी, दूध, पूजा, भाजी. संध्याकाळी कट्टा असतो. शिवाय वसंत व्याख्यानमाला. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली, अजून चालू आहे, आणि आमच्याकडच्या काहींना तिथे पुढचीच खुर्ची लागते. अडतं ते बारा ते चार. घरातले कामावर, शेजाऱ्यांची दारं बंद, बाहेर चाळीसच्या आसपास पारा, आणि झोप तरी किती काढणार? मी आणि माझ्या जाऊबाईंनी तेवढे चार तास विकायला काढले.

पहिल्या वर्षी सुट्टीमुळे रिकामी असलेली एक शाळा भाड्याने घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून खूश होतो. पहिल्याच दिवशी कळलं की बाकं तिसरीच्या मुलांची आणि स्वच्छतागृहंही त्याच मापाची. खाली बसलेल्या आजींना उठवायला दोघींनी हात द्यायचा! कार्यक्रमही आम्ही आमच्या कल्पनेतल्या म्हाताऱ्यांसाठी आखलेला: भजन, मधुमेहावर व्याख्यान, हसण्याचा व्यायाम. चौथ्या दिवशी पंचवीसचे अकरा झाले. उरलेल्यांतल्या एका काकांनी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला आणि म्हणाले, "व्याख्यान चालू द्या तुमचं, आम्ही मागे बसतो."

मागचं बाक भरलं, पुढची रिकामी झाली. व्याख्यात्यांची मी माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून व्याख्यान बंद, पत्ते चालू.

आता एका बंगल्याचा तळमजला आहे. कमोड, धरायला दांड्या, हात असलेल्या खुर्च्या. पैसा सगळ्यात जास्त इथेच गेला आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. मेंढीकोट, रमी, कॅरम रोजचं. एका काकूंनी आजोळचा कापडी पट आणि कवड्या आणल्या, तेव्हापासून सोंगट्यांचा एक कोपरा झाला. तिथे आवाज इतका चढतो की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू एकदा भांडण सोडवायला खाली आले होते.

सगळ्यात गाजतो तो कुरडयांचा आठवडा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. चीक शिजवताना हात थांबला की गुठळी झालीच. हे काम आम्ही पुरुषांना देतो. आयुष्यभर आयती तळलेली कुरडई खाल्लेले निवृत्त साहेब पातेल्याशी घामाघूम होतात आणि बायका खुर्चीत बसून सूचना करतात. सोऱ्या फिरवायला मात्र बायकाच. सकाळी आठच्या आत गच्चीवर घालून मोकळं व्हायचं, ऊन चढलं की गच्चीला कुलूप.

हे कुलूप आम्ही चूक करून शिकलो. दुसऱ्या उन्हाळ्यात एम्प्रेस गार्डनला सकाळची सहल नेली होती. गप्पांत साडेअकरा वाजले. एक काका बाकावरून उठले आणि तसेच खाली बसले, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी सांगितलं ते आम्हाला आधी माहीत असायला हवं होतं: वय वाढलं की तहान लागल्याचं नीट कळत नाही, त्यात रक्तदाबाची त्यांची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी. आणि काकांनी स्वतः सांगितलं ते त्याहून महत्त्वाचं. स्वच्छतागृह कुठे असेल कोण जाणे, म्हणून सकाळपासून ते मुद्दाम पाणीच प्यायले नव्हते. आता सहलीची जागा बघायला गेलो की मी आधी स्वच्छतागृह बघते, मग देऊळ.

पन्ह्याचे दोन माठ असतात, गुळाचा आणि बिनगुळाचा. मधुमेहवाले कोणत्या माठापाशी रेंगाळतात ते आम्हाला दिसतं. मावशी तिथे पहारा देतात.

मार्च २०२० मध्ये दार बंद झालं आणि दोन उन्हाळे बंदच राहिलं. मोबाइलवर भेंड्या लावून बघितल्या, पण आवाज मागेपुढे पोचायचा, मग कोणाचं अक्षर कोणावर यावरून नुसता गोंधळ. हाऊजी मात्र जमली. त्याच मार्चमध्ये रेल्वेची ज्येष्ठांची सवलत गेली. पुरुषांना चाळीस टक्के, बायकांना पन्नास. पुन्हा उघडलो तेव्हा रेल्वेच्या सहलींचा हिशेब बसेना. मग ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीने पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास दिला, ६५ ते ७५ला अर्धं तिकीट होतंच, पुढच्या मार्चपासून सगळ्या बायकांनाही अर्धं. आम्ही स्वारगेटहून वाईची लालपरी धरायला लागलो. मेणवलीच्या घाटावर सकाळी सावलीत बसायचं, दुपारच्या आत जेवायला. एरवी वय चोरणारी मंडळी कंडक्टरपुढे पंच्याहत्तरी पूर्ण झाल्याचं ठणकावून सांगतात.

मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे बघायला जातो, पाऊस पडायच्या बेतात असताना. तेवढ्याला मिनीबस करतो. अंधारात खडबडीत वाटेने चालवणं शक्य नव्हतं, म्हणून गावातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून रस्त्याकडेला मांडल्या, गाडीचे दिवे बंद केले. हिरडा-बेहड्याच्या झाडांवर नर काजवे मादीला खुणावत एका तालात लुकलुकतात. एक आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांना एवढंही कधी सुचलं नाही."

पैशाचं सांगायचं तर महिन्याची फी बहुतेक वेळा परदेशातून मुलगा किंवा सून भरते, आणि त्याबरोबर सूचनाही येतात: बाबांना पत्ते नकोत, आईला एसटीने नेऊ नका. सुरुवातीला आम्ही ऐकायचो. आता फी कुणीही भरावी, फॉर्म मात्र येणाऱ्यानेच भरायचा आणि सहीही त्याचीच. दोन-तीन घरं यावरून तुटली.

नाना गेल्याला चार वर्षं झाली. शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत ते मेंढीकोटाला बसायचे आणि हरले की पत्ते नीट पिसले नव्हते म्हणायचे. यंदा तिथे वेगळाच वाद पेटलाय, बंद हुकूम (आधीच पान झाकून ठरवलेला) की कट हुकूम (हातात रंग नसल्यावर टाकलेल्या पानाने ठरणारा). मतदान घेतलं, सात-सात झाले. मी फळ्यावर दोन्ही लिहिलंय आणि दोन टेबलं लावलीत, पंखा एकाच्याच वर आहे.