कव्हर उलटून बघा: मेम्फिसमधले तीन दिवस

अमेरिकेतल्या मेम्फिसला जुन्या रेकॉर्ड घ्यायला निघालो तेव्हा माझ्या यादीत फक्त सोलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चगायनातून आलेल्या संगीताच्या, रेकॉर्ड होत्या. परतताना बॅगेत जॅझ होता, ठेक्यावर नाचवणारा फंक होता, आणि या दोन्हींकडे मला एकाच ड्रमरच्या नावाने नेलं होतं.

पहिला दिवस ईस्ट मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवरच्या स्टॅक्स म्युझियमला दिला. स्टॅक्स ही इथली सोलच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा, दुकानं नंतर. निदान अर्धा दिवस हवाच. मूळ स्टुडिओ १९८९ मध्ये पाडला गेला. २००३ मध्ये त्याच जागी हे म्युझियम उघडलं. आधी तिथे सिनेमाचं थिएटर होतं, त्यामुळे स्टुडिओची जमीन उतरती होती. तो उतार नव्या बांधकामातही ठेवलाय. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

पण मला सर्वांत भावलं ते थिएटरच्या पुढच्या भागातलं रेकॉर्डचं दुकान. स्टॅक्सच्या संस्थापकांपैकी एक, एस्टेल ॲक्स्टन ते चालवायच्या. वस्तीतली पोरं काय मागतात, काय ऐकून परत ठेवतात, यावर त्यांचं बारीक लक्ष असे, आणि आत स्टुडिओत काय चाललंय त्यालाही त्याचा उपयोग व्हायचा. त्याच दुकानात तासन्‌तास ऐकत बसणारा एक मुलगा म्हणजे बुकर टी. जोन्स. १९६२ मध्ये त्याने स्टॅक्समध्ये ऑर्गनवर ‘ग्रीन अनियन्स’ ही गाजलेली धून वाजवली तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी दुकानं. मॅडिसन ॲव्हेन्यूवर शांग्री-ला, कूपर-यंग भागात गोनर. दोन्हीकडे निवांत जा. एका स्वस्तातल्या खोक्यात रॅम्सी लुईस ट्रिओची १९६६ ची ‘वेड इन द वॉटर’ मिळाली. कव्हर उलटलं, तर ड्रम्सवर मॉरिस व्हाइट! हा मेम्फिसचाच, बुकर टी.चा शाळेतला मित्र. शिकागोला जाऊन चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी ड्रम्स वाजवले, मग या जॅझ ट्रिओत आला, आणि पुढे त्यानेच ‘अर्थ, विंड अँड फायर’ हा फंक बँड उभा केला. सोल, जॅझ आणि फंक ही मी तीन वेगळी कपाटं समजत होतो. तेव्हापासून मी गायकाच्या नावाआधी वाजवणाऱ्यांची नावं वाचतो.

खरेदीआधी रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. वरवरचे केसासारखे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. पण खाचांना आडवा गेलेला खोल चरा प्रत्येक फेरीला ‘टक’ करतो. डोळ्यांच्या रेषेत धरून वाकलेली नाही ना तेही बघा. कव्हरला कुबट वास आला तर आत बुरशी असू शकते. मी मोहात पडून तशी एक घेतली आणि दोनदा धुऊनही ती सुधारली नाही.

मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्ड जास्त जपून तपासा. त्यांतल्या काही नेहमीच्या व्हिनाइलऐवजी स्टायरिन या प्लास्टिकच्या असतात. जड सुईने त्या लवकर झिजतात, आणि वरून चकचकीत दिसूनही खरखरतात. दुकानात ऐकायचा प्लेअर असेल तर विचाराच. मधलं भोक मोठं असतं, म्हणून घरी ॲडॉप्टर लागेल.

स्टॅक्सची रेकॉर्ड लेबलावरून ओळखता येते. निळं, रेकॉर्डच्या चळतीचं चित्र असलेलं लेबल म्हणजे ॲटलांटिक या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी स्टॅक्सचा करार होता तो काळ. १९६८ मध्ये तो तुटला, जुन्या मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, ॲटलांटिककडे गेल्या, आणि मग पिवळं, चुटकी वाजवणाऱ्या बोटांचं लेबल आलं. निळी दिसली तर मी सोडत नाही.

हिशेब करताना छापील किमतीवर ९.७५ टक्के विक्रीकर धरा. बसच्या भरवशावर राहू नका, गाडी लागते. पण उन्हाळ्यात रेकॉर्ड बंद गाडीत ठेवून जेवायलासुद्धा जाऊ नका, त्या वाकतात.

विमानात हातातल्या बॅगेतच न्या. पंचवीस एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड, सहा-सात किलोंच्या घरात जातात. तबकडी आतल्या पिशवीसकट कव्हरमधून काढून कव्हरच्या मागे ठेवा आणि दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आतच राहिली तर हिसक्यांनी कव्हरची शिवण फाटते.