चिवडा, शेव आणि माझा नवीन वजनकाटा

केकसाठी म्हणून मागवलेला छोटा डिजिटल काटा आज भलत्याच कामाला लागला. दुपारी चिवड्याचं पाकीट फोडलं तर अर्ध्याच्या खाली माल आणि वर नुसती हवा, मग म्हटलं बघूयाच. आधी काटा बरोबर आहे का म्हणून दहाचं नाणं ठेवलं, ८ ग्रॅम दाखवलं (नाणं पावणेआठचं असतं, म्हणजे ठीके). चिवडा पिशवीसकट १९६, रिकामी पिशवी ५, म्हणजे माल १९१ आणि वर छापलंय निव्वळ वजन २०० ग्रॅम!

चिडून नियम शोधले तर कळलं की २०० ग्रॅमच्या पाकिटात साडेचार टक्के म्हणजे ९ ग्रॅमपर्यंत चूक चालते. चिवडेवाला काठावर पास 😄

मग काय, डबेच उपसले. राजगिरा वडी १०० ची १०४ भरली, त्या बचत गटाच्या ताईंना मनापासून दंडवत. पण शेव ५०० लिहिलेली, न फोडलेली, पिशवी धरून ४८० च! इथे सूट फक्त १५ ग्रॅमची, आणि ती पण पिशवीचं वजन वगळून.

पाकीट घेऊन गेले दुकानात तर काका म्हणतात, "अहो ताई, सुकते हो ती ठेवून ठेवून." सीलबंद शेव सुकते??? शेवटी बदलून दिलं, पण तेही तिथल्याच काट्यावर ४८२. पैसे परत घेतले. आता पाकिटाचा फोटो काढलाय, उद्या १९१५ ला (ग्राहक हेल्पलाइन) फोन लावते. आई म्हणतेय, २० ग्रॅमसाठी एवढं?