ट्रॉफी नाही म्हणून फुटबॉल मॅनेजरला (मुख्य प्रशिक्षकाला) काढायचं?

आज दिवसभर हाच वाद ऐकला. ट्रॉफी हा एकमेव निकष मला पटतच नाही. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबने २०२५मध्ये युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली, १७ वर्षांनी पहिली ट्रॉफी! तरी १६ दिवसांत मॅनेजर पोस्टेकोग्लूंना काढलं, कारण देशांतर्गत साखळी स्पर्धेत, म्हणजे लीगमध्ये, ३८पैकी २२ सामने हरून संघ सतराव्या स्थानी होता. उलट मॅनेजर फर्ग्युसन १९८६मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले, पहिली ट्रॉफी, एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा), थेट १९९०मध्ये; तरी क्लबने त्यांना ठेवलं.

कपमध्ये एक रेड कार्ड सगळं फिरवतं. खरं चित्र लीगचे ३८ सामने दाखवतात. शिवाय मॅनेजर बदलला की उरलेल्या कराराची भरपाई द्यायची, सहायकांचा ताफा बदलायचा, आणि विंग-बॅक (कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारा) म्हणून महागात घेतलेला खेळाडू नव्या चार बचावपटूंच्या रचनेत बाकावर बसतो. मग पुन्हा खरेदी. गोलसंधी सलग दोन हंगाम घटत असतील, तर मात्र जरूर काढा.